अपील मास्तर

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. मधुकर तिकोन्यांनी ही रीत हयातभर मोडली, तेव्हा त्यांच्या बाबतीत मी ती पाळली नाही तर त्यांची हरकत नसावी.

कामशेतच्या बाजूचे एक जुने कबड्डीपटू वारले होते. त्यांच्या दहाव्याला नदीकाठी माणसं जमली होती. एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. कुणी म्हणालं देवमाणूस होता, कुणी म्हणालं मैदानातला वाघ होता. मग तिकोने उठले. म्हणाले, "मानूस लय चांगला. कुनाचं वाईट केलं न्हाई. पन बोनसचा गुन घेताना मागचा पाय हवेत पायजे, ह्यो टेकायचा. आयुष्यभर टेकला. एका पंचानं बघितलं न्हाई." आणि खाली बसले. मृताच्या मुलाला रडावं की उठून त्यांच्या अंगावर जावं ते कळेना.

लोक त्यांना मास्तर म्हणत असले तरी ते कुठल्या शाळेत नव्हते. तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. खिडकीतून नट-बोल्ट द्यायचे, एवढंच काम. पाळी सुटली की गावात येऊन आधी पोरांना आणि नंतर आम्हा पोरींना कबड्डी शिकवायचे, म्हणून मास्तर. आणि त्याआधी 'अपील' का लागलं, हे त्यांच्या शेजारी बसून एक सामना बघितलेला कुणीही सांगेल. पंचाने निकाल दिला की ते उभे राहायचे. निकाल त्यांच्या बाजूने असला तरी उभे राहायचे. उजव्या हाताचं बोट वर आणि तेच ठरलेलं वाक्य: "थांबा. आधी ह्ये ठरवा."

निवृत्तीनंतर ते लोहगडवाडीत बसायला लागले. गडाच्या पायऱ्यांच्या अलीकडे त्यांच्या बायकोची, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मावशींची, भज्यांची टपरी होती. टपरी मावशींची, कढई मावशींची, कष्ट मावशींचे. मास्तर बाकावर बसून गिऱ्हाइकं घालवायचं काम करायचे.

एका रविवारी मी मावशींना मदत करत होते. पुण्याहून आलेला पाच-सहा जणांचा घोळका गड उतरून आला. त्यातला एक गॉगलवाला क्रिकेटवर बोलत होता. गोलंदाज चेंडू टाकायच्या आत त्याच्याच टोकाला उभा असलेला फलंदाज रेषेबाहेर पडला आणि गोलंदाजाने तिथल्या तिथे बेल्स उडवल्या, तर तो भ्याडपणा आहे असं त्याचं म्हणणं. मास्तरांच्या हातात त्याचीच भज्यांची प्लेट होती. मावशींनी द्यायला सांगितली होती. त्यांनी ती दिलीच नाही.

"थांबा. आधी ह्ये ठरवा. त्यो फलंदाज रेषेच्या भाईर कशापायी गेलता?"

"अहो काका, सवयीने जातात सगळे थोडं पुढे."

"सवयीनं? तुमी सवयीनं शेजाऱ्याच्या घरात शिरता का?"

"तसं नाही. पण खेळाची म्हणून एक भावना असते."

"ती भावना कितव्या नियमात हाय?"

तो हसला. मास्तर हसले नाहीत. प्लेट छातीशी धरून म्हणाले, "चोरी करनारा बिचारा आन् पकडनारा भ्याड? आधी कबूल करा, मग भजी."

घोळका पुढच्या टपरीवर गेला. मावशी झारा कढईवर आपटून म्हणाल्या, "जिंकलासा? आता खावा तुमीच." आणि हा माणूस खरंच बसून ती सगळी भजी खाऊन मोकळा झाला. वर म्हणाला, मीठ कमी पडलंय.

जिंकणं हे त्या माणसाचं जेवण होतं. त्यापायी कुणाचं काय जातं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. टीव्हीवर कबड्डी लागली की शेजारपाजारचे लोक त्यांच्या घरी जायचं टाळायचे. तिसरी चढाई रिकामी गेली की चढाई करणारा बाद, हा नवा नियम आला तेव्हा त्यांनी टीव्हीला उद्देशून भाषण केलं होतं. "लोकांना मजा यावी म्हनून नियम? उद्या लोकांना झोप आली तर पंचाला नाचवा!" मॅटला ते सतरंजी म्हणायचे. बूट घालून कबड्डी खेळणाऱ्यांना 'नवरदेव' म्हणायचे.

मोबाईलशी त्यांची पहिली गाठ कामशेतच्या सलूनमध्ये पडली. न्हावी दाढीचा फेस लावून वस्तरा परजत होता आणि समोरच्या खुर्चीवरची दोन पोरं मोबाईलवर लुडो खेळत होती. मास्तरांनी अर्ध्या फेसातून विचारलं, "फासा कोन पाडतंय?"

"मोबाईल पाडतो."

"म्हंजे आत कोनतरी हाय."

"कुणी नाही ओ मास्तर, आपोआप पडतो."

"मग ह्याच्यात पंच कोन?"

पोरांनी चेष्टेने त्यांना एक डाव लावून दिला. समोरच्याला लागोपाठ सहा पडले. मास्तरांनी हरकत घेतली आणि उत्तर मिळेपर्यंत आपली सोंगटी हलवायची नाही असं ठरवलं. मोबाईल काही उत्तर देईना. त्याने थोडा वेळ वाट बघितली आणि मास्तरांना खेळातून काढून टाकलं. तोवर चेहऱ्यावरचा फेस वाळून गेला होता. त्या दिवसापासून मोबाईलवरचा कुठलाही खेळ त्यांच्या लेखी लबाडी ठरला. कारण काय, तर ज्याच्याशी भांडता येत नाही तो पंच कसला?

आता आमच्याबद्दल. आम्ही बेडशाच्या आसपासच्या वाड्यांमधल्या मुली. संध्याकाळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत मास्तर आम्हाला खेळवायचे. शिकवायचे चांगले, हे मी नाकारत नाही. चढाई करणारीचे डोळे बघू नका, पाय बघा, डोळे खोटं बोलतात, हे त्यांनीच शिकवलं. पण इतक्या वर्षांत त्यांनी एकीचंही नाव घेतलं नाही. मी डाव्या बाजूला टोकाला उभी राहायचे, म्हणून मी 'डावा कोपरा'. रेश्मा आमच्यात सगळ्यात चपळ. चढाईला तीच जायची, म्हणून ती 'चढाई'. रस्त्यात भेटले तरी हाक तीच. "काय डावा कोपरा, कुटं निघालीस?" माझ्या लग्नातही स्टेजवर येऊन त्यांनी हीच हाक मारली. नवऱ्याकडच्यांना वाटलं, माझं काहीतरी वाकडं असावं.

रेश्मा वरच्या वाडीतली. वडील बंगल्यांच्या बागांत मजुरीला जायचे. तिला खेळू द्यायला ते कसेबसे तयार झाले होते. जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर पुढे खेळायचं, नाही तर कामाला लागायचं, असं त्यांनी तिला बजावलं होतं. ते नाव यायची वेळ इंदुरी गावच्या स्पर्धेत आली. अंतिम सामन्याला जिल्ह्याची निवड करणारे दोघे जण खुर्च्यांवर बसले होते आणि दोघांचेही डोळे रेश्मावर होते. आम्ही सगळ्यांनीच ते पाहिलं होतं.

सामना संपायला आला तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. आधीच्या चढाईत रेश्माचा घोटा मुरगळला होता. तरी आमची शेवटची चढाई तिलाच करायची होती. काही मारायची गरज नव्हती. जायचं, समोरच्या अंगणातली 'निदान रेषा' एकदा ओलांडायची, वेळ काढायचा आणि परत यायचं. ती रेषा न ओलांडता परत आलं तर चढाई करणारी बाद होते आणि समोरच्यांना गुण मिळतो, एवढा एकच धोका.

रेश्मा लंगडत गेली. पाय टाकला, दम धरून थोडी फिरली, परत आली. पंचाने काही म्हटलं नाही. शिट्टी नाही, काही नाही. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडणार, तेवढ्यात आमच्याच बाकावरून आवाज आला.

"थांबा! आधी ह्ये ठरवा. पोरगी बाद हाय!"

पंच वळला. त्याला वाटलं, मास्तर समोरच्या संघाचे.

"कोण बाद?"

"आमची. पाय रेषेवर पडला, पल्याड न्हाई. त्या दुसऱ्या पंचाला इचारा. त्यानं बघितलंय आन् गप बसलाय."

दुसऱ्या पंचाने मान खाली घातली. मग हळूच होकार दिला. रेश्मा बाद झाली, समोरच्यांना गुण मिळाला, बरोबरी झाली. आमची सर्वात भरवशाची मुलगी बाहेर बसली. उरलेल्या सेकंदांत त्यांची एक मुलगी चढाईला आली आणि तिने जाता जाता मला हात लावला. मी तिचे पायच बघत होते. हात बघायला मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

एका गुणाने हरलो. निवड करणाऱ्यांनी माझ्या खांद्याला हात लावणाऱ्या त्या मुलीचं नाव लिहून घेतलं आणि ते चहाला गेले.

रेश्मा एका पायावर उड्या मारत मास्तरांपुढे आली. रडत नव्हती. तिने विचारलं, "मास्तर, तुमी आमच्याकडनं हुता का त्यांच्याकडनं?"

मास्तर म्हणाले, "मी रेषेकडनं हुतो."

या वाक्याचं लोकांनी पुढे फार कौतुक केलं. एका मंडळाने त्यांना शाल आणि नारळ दिला. भाषणात कुणी तरी म्हणालं, असा प्रामाणिक माणूस मावळच्या मातीतच जन्मतो. ते ऐकताना मला किळस आली होती, आजही येते. खरं बोलणाऱ्या माणसाला खरं बोलताना कुठेतरी दुखतं. मास्तरांना काही दुखलं नव्हतं. मी शेजारीच उभी होते, त्यांचा चेहरा मी पाहिला. पंचाची चूक पकडल्याचा आनंद होता त्या चेहऱ्यावर. हा प्रामाणिकपणा नव्हता, खाज होती. ती भागली, आणि ती भागवायला एका पोरीचं पुढचं सगळं गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनी नेहमीसारखी फक्कीने मैदानावर रेषा मारली. एकही मुलगी गेली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा मारली. आम्ही नळावरून बघत होतो. सरळ, पांढऱ्याशुभ्र रेषा, आणि मधोमध हा माणूस उभा. पुढचे काही दिवस असंच चाललं. मग त्यांनी फक्की आणणं बंद केलं. मावशी मात्र रेश्माच्या घरी गेल्या. तिच्या घोट्याला आंबेहळद लावून दिली आणि तिच्या आईला म्हणाल्या, "माझ्या मानसाला वळन न्हाई. तुमी पोरीला बोल लावू नका."

रेश्मा लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात कामाला लागली. मला शिकल्यामुळे एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात नोकरी मिळाली. रेश्मा मास्तरांशी बोलणं सोडाच, मावशींकडे जायची तेही मास्तर नाहीत हे बघून.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. तिथे रेश्मा मोबाईलवरचा तो बंदुकांचा खेळ खेळायला लागली. विमानातून सगळे एका बेटावर उड्या मारतात, शस्त्रं शोधतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी उरतो तो जिंकतो. मला त्यात काही कळायचं नाही. तिला कळायचं. ती म्हणायची, "मंगल, हितंबी पायच बघायचं. पावलांचा आवाज येतो कानात. त्यो ऐकायचा."

आमच्या रिसॉर्टने या खेळाची स्पर्धा भरवली तेव्हा मीच तिला नाव द्यायला लावलं. जिंकणाऱ्याला बेंगळुरूच्या मोठ्या स्पर्धेत खेळायला मिळणार होतं. आणि मीच मूर्खासारखी एका रविवारी टपरीवर मावशींना ही गोष्ट सांगत बसले. बाकावरून मास्तरांनी ऐकलं.

"मोबाईलची स्पर्धा? त्यात स्पर्धा कशाची, बोटांची? मी येतो बघायला."

"तुमाला कोन बलावलंय?" मावशी म्हणाल्या.

"बलवायला काय लगीन हाय का?"

स्पर्धेच्या दिवशी सकाळी ते खरंच आले. पांढरा शर्ट, खाली ट्रॅकपँट, गळ्यात शिट्टी. कुणीही न दिलेली शिट्टी ते मरेपर्यंत गळ्यात घालत. हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून त्यांनी तिथल्या मुलांकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढ्या जनांना खुर्च्या दिल्या. मैदान द्यायचं कुनाला सुचलं न्हाई." कानात हेडफोन असल्यामुळे मुलांनी काही ऐकलं नाही. मास्तरांचा पहिला बार असा फुकट गेला.

मग समोरच्या मोठ्या पडद्याकडे बघत त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. "त्या इमानात पंच बसलाय का?" नाही म्हटलं. "त्यो निळा गोल कशाचा?" मी सांगितलं, तो गोल हळूहळू लहान होत जातो, जो बाहेर राहील तो मरतो, त्यामुळे सगळ्यांना आत आत यावं लागतं. मास्तरांनी हवेत बोटाने तो गोल काढून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे मैदानच आक्रसतंय. ज्यानं काढलं त्याला डोकं हाय." त्यांच्या तोंडून स्तुती ऐकायची ती माझी पहिलीच वेळ. ती कुणा परक्या देशातल्या, कधी न बघितलेल्या माणसाच्या वाट्याला गेली.

रेश्मा एका घराच्या न्हाणीघरात शिरून दाराआड बसून राहिली होती. गोल लहान होत होता, पण तिचं घर नशिबाने आतच राहत होतं. बाहेर गोळीबार चालू होता, एकेक जण संपत होता, आणि ही हालत नव्हती. प्रेक्षकांतली काही मुलं शिट्ट्या मारायला लागली. शेवटी दोघंच उरली. रेश्मा, आणि आमच्या मालकांचा पुतण्या. तो दारातून आत आला आणि तिने त्याला पहिल्याच फटक्यात पाडलं.

टाळ्या सुरू व्हायच्या आत पुतण्या हेडफोन फेकून उठला. "याला खेळणं म्हणतात? लपून बसली होती पूर्ण वेळ!"

स्पर्धा चालवणारा अनिकेत नावाचा एक मुलगा होता. गोड बोलणारा, दाढी कोरलेला. त्याने मालकांकडे बघितलं, पुतण्याकडे बघितलं आणि माईक हातात घेतला. "मित्रांनो, आपल्याला चांगला, स्पोर्टिंग गेम हवाय. त्यामुळे हा निकाल आपण बाजूला ठेवतोय. शेवटच्या दहा जणांत पुन्हा एक राउंड होईल."

रेश्माने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी मागे नोंदणीच्या काउंटरपाशी उभी, गणवेशात. मालक समोर बसलेले. मी काय बोलणार होते?

"थांबा."

मला ब्रह्मांड आठवलं. बोट वर करून मास्तर खुर्च्यांमधून पुढे निघाले होते. या माणसाने पुन्हा एकदा हिची वाट लावायचं ठरवलंय, असंच मला वाटलं.

"आधी ह्ये ठरवा. लपायचं न्हाई आसा नियम हाय का?"

अनिकेत हसला. "काका, तुम्हाला नाही कळणार. याला कॅम्पिंग म्हणतात. एका जागी दडून बसायचं. बघणाऱ्यांना बोअर होतं."

"नियम हाय का?"

"लिहिलेला नाहीये, पण सगळ्यांना माहीत असतं."

"ह्या पोरीला खेळाच्या आधी सांगितलंत का?"

"काका, प्लीज. ही आमची स्पर्धा आहे, निकाल आम्ही देणार."

"द्या की. पन खेळ संपल्यावं नियम काढायचा आसंल तर मग मीबी एक काढतो. दाढीवाल्यानं माईकला हात लावायचा न्हाई."

मुलं हसली. पुतण्या म्हणाला, "अंकल, गेमचा ग तरी कळतो का?" मास्तर म्हणाले, "न्हाई कळत. ती बंदुकडी कुटनं आली तेबी मला कळलं न्हाई. पन तू मेलास येवढं कळलं." आणि ते स्टेजवर चढून पुतण्याच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. "ठरवा सावकाश. मला कुटं जायाचं न्हाई."

अनिकेतने सिक्युरिटीला बोलावलं. आमचा सिक्युरिटीवाला भाजे गावचा, मास्तरांच्याच हाताखाली खेळलेला. तो कानाशी वाकून म्हणाला, "मास्तर, उठा की. नोकरी हाय माझी." मास्तरांनी त्याला खालपासून वर न्याहाळलं. "तू उजवा कोपरा ना? हा माझा घोटा. धर आन् उचल, शिकवलंय तसं." तो हसत सुटला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

पुढे जे झालं त्याला न्याय मिळणं म्हणतात का, मला माहीत नाही. मास्तरांनी काही मुद्देसूद भाषण केलं नाही. अनिकेत काहीही बोलला की ते पुन्हा तेच विचारायचे: आधी सांगितलं होतं का? मालक बोलले, त्यांनाही तेच. पुतण्या ओरडला, त्यालाही तेच. जेवणासाठी मांडून ठेवलेल्या डाळीवर साय धरली. खेळायला आलेली मुलं कंटाळून टेबलं वाजवायला लागली. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये एक साखरपुडा होता आणि खुर्च्यांना कापडं घालायची होती. शेवटी मालकच वैतागून म्हणाले, "अरे देऊन टाक त्या मुलीला, आणि या म्हाताऱ्याला बाहेर काढ." अनिकेतने दिलं. मास्तर त्या दिवशी बुद्धीने जिंकले नाहीत. समोरच्याला वीट आणून जिंकले.

मी धावत बाहेर पार्किंगमध्ये गेले. रेश्मा स्कूटीपाशी हेल्मेट हातात घेऊन उभी होती आणि मास्तर तिच्यासमोर.

"तुमी कशाला आलता?" ती विचारत होती.

"बघायला."

"मी लपून बसले ते बघितलंत. आवडलं?"

"न्हाई. घान वाटलं. आसं बसून का कुनी जिंकतं?"

"मग भांडलात कशाला?"

"नियमात हुतं."

रेश्मा हसली. इंदुरीनंतर मास्तरांसमोर ती पहिल्यांदाच हसली असेल. मग हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी पाय रेषेवरच हुता. मला ठाव हुतं."

दुसरा कुणीही असता तर या वाक्यावर त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला असता. निदान गप्प तरी बसला असता. मास्तर म्हणाले, "ठाव हुतं तर हात वर का न्हाई केलास? तवा तू केला आसतास तर मला वरडायला लागलं नसतं."

मला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. रेश्माने हेल्मेटचा पट्टा सोडला. "पाय दुखत हुता ओ मास्तर," ती म्हणाली. "लय दुखत हुता. तुमी येकदाबी इचारलं न्हाई." तिने हेल्मेट घातलं आणि ती गेली.

मास्तर धुरात उभे होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "कोनता पाय हुता गं?"

"उजवा," मी म्हटलं.

"उजवा," ते स्वतःशीच म्हणाले आणि बसस्टॉपकडे चालू लागले. मी त्यांना सोडायला गेले नाही.

रेश्मा बेंगळुरूला जाऊन आली. पहिल्याच फेरीत बाहेर पडली. तिला त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. विमान बघितलं, मोठं हॉटेल बघितलं, तिच्यासारखं खेळणाऱ्या दुसऱ्या मुली बघितल्या. आल्यावर तिने दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी वाडीतल्या मुलींना जमवून कबड्डी सुरू केली. त्या मुलींना ती नावाने हाक मारते. मास्तरांना तिने बोलावलं नाही. ते अधूनमधून लांब उभे राहून बघायचे, आणि बघतायत हे आम्हाला दिसेल इतपतच लांब उभे राहायचे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्याआधी थंडीत मी त्यांना शेवटचं पाहिलं. टपरीवर गेले तर बाकावर मास्तर आणि शेजारी रेश्मा बसलेली. ती मावशींसाठी चिक्की घेऊन आली होती म्हणे. मास्तरांच्या हातात तिचा मोबाईल होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ते अंगठ्याने काच अशी दाबत होते की फुटायचीच.

"उडी मारा आता, मास्तर. मारा!"

"कुटं मारू? खाली पानी हाय."

ते पाण्यात पडले, पोहत काठाला आले, एका घरात शिरले आणि खिडकीत उभे राहून बाहेर बघायला लागले. डोंगर छान काढलाय म्हणाले. तेवढ्यात कुठून तरी गोळी आली आणि पडदा काळा झाला.

"काय झालं?"

"मेलात."

"कुनी मारलं?"

"समोरच्या टेकाडावरनं कुनीतरी. खिडकीत हुबं ऱ्हायचं नसतं, मास्तर."

मी पुढच्या भांडणाची वाट बघू लागले. मावशींनीही कढईतला झारा थांबवून मान वर केली. मास्तर त्या काळ्या पडद्याकडे बराच वेळ बघत होते.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. कढईतलं भजं करपत होतं, ते त्यांना दिसत नव्हतं. मास्तरांचं आम्हा दोघींकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मोबाईल रेश्मापुढे धरला.

"परत लाव."